अकरावा पाम

१२ ऑक्टोबर, सकाळी साडेसात

आजपासून रोजनिशी. वही मीच बांधली, कारखान्यात उरलेल्या कागदाची. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

निश्चय पहिला: नोव्हेंबर संपायच्या आत अकरावा पाम बघून यायचा. एकटीने.

कशासाठी ते एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. ह्यांना पाम बघायचा नाद होता. नोकरी नकाशे काढायची, जीव सगळा पाममध्ये. अकरा दुर्मिळ जातींची यादी केली होती. खुणेचा नियम एकच. कुंडीतला, बागेतला, काचेच्या घरातला पाम मोजायचा नाही. तो जिथे आपला आपण उगवला तिथे जाऊन बघायचा, तरच यादीत खूण. दहा जातींवर खुणा आहेत. पहिल्या चार वेळी मी बरोबर होते. एक खाडीच्या चिखलात उभा होता. एकाचं पोट फुगलेलं. एक मुळांच्या काठ्यांवर, जमिनीला न टेकता. चौथा वेलीसारखा दुसऱ्या झाडांच्या अंगावर चढणारा, त्याने माझी बाही फाडली. पुढचे सहा ह्यांनी एकट्याने पाहिले.

अकरावा खरं तर ह्यांनी लग्नाआधीच पाहिला होता, मोजणीच्या कॅम्पवर असताना. पण खूण केली नाही. म्हणायचे, हा दोघांनी बघायचा, तेव्हाच खूण. ते राहिलं. मार्चमध्ये हे गेले.

निश्चय दुसरा: रडायचं नाही.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी

दुसरा निश्चय उद्यापासून.

१५ ऑक्टोबर

ह्यांच्या टिपणांविषयी. सुटे कागद होते, लहानमोठे, दोन पुठ्ठ्यांत नाडीने बांधलेले. एप्रिलमध्ये मी ते कारखान्यात नेले आणि बांधले. शिलाई दुहेरी, हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. कागद एका मापाचे नव्हते. मग सगळ्यांत लहान कागद धरून मशीनवर तिन्ही बाजू कापून घेतल्या. कडा अशा आल्या की बोट फिरवावं. बत्तीस वर्षांत माझ्या हातून इतकं सुबक पुस्तक झालं नाही. मालकही म्हणाले.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं वाचन बाइंडिंगच्या टेबलावर. जे बांधायला येईल ते आधी वाचायचं, कायदा असो की कोंबडीपालन. न वाचता मी काहीच बांधलं नाही. फक्त हे एक. वाचायला घेतलं असतं तर बांधून झालं नसतं. घाई होती म्हणून.

त्या दिवशी खळवालीने (आमच्याकडे खळ लावते, म्हणून खळवाली) कापलेलं कातरण गोळा केलं, रबर लावलं, पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, ताई, हे पोत्यात नको टाकायला, ह्यावर काहीतरी... मी म्हटलं, कातरण ते कातरण, मला शिकवू नकोस. ती म्हणाली, बरं बाई, तुमचंच आहे, घरी तरी न्या. नेलं. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली पाकीट घातलं. नेमकं बसलं. सात वर्षं ह्यांना सांगत होते पाय नीट करा, ह्यांना वेळ झाला नाही. माझं काम एका मिनिटात.

१९ ऑक्टोबर

आज टिपणं वाचायला घेतली. धीर लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट लिहू नये, पण ह्यांचं काही पुरं नसायचं. प्रत्येक पामचं चित्र सुंदर. बाजूला मापाच्या रेघा काढलेल्या, बाण काढलेले, आणि आकडाच नाही! रेघ कागदाच्या कडेपर्यंत जाते आणि संपते. वाक्यांचंही तेच. ‘ओढा ओलांडून डावीकडे, मग’. मग काय? पुढची ओळ नवीनच काहीतरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी इंच न् इंच मोजल्या, आणि स्वतःच्या वहीत आकडे घालायचे राहिले. बोलतानाही तसंच. अर्ध्यावर थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, बोला की. म्हणायचे, काही नाही.

अकराव्याचं चित्र पानभर आहे. वरपासून खालपर्यंत. म्हणजे हा प्रचंड असणार. ताडमाडाच्या दुप्पट. सगळ्यांत मोठा शेवटी ठेवला, ह्यांचा स्वभावच तो, जेवतानाही आवडीचा घास शेवटी.

तयारी: (१) मान वर करायचा व्यायाम. (२) रोज दोनदा चार मजले चढणे.

२१ ऑक्टोबर

मान: पन्नास वेळा.

जिने: दोन मजले. गुडघ्यामुळे नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नोटीस लावली आहे ती वाचत थांबले, त्यात वेळ गेला. ‘लिफ्टचे काम लवकरच सुरू होईल.’ चार वर्षं तीच नोटीस. हे शेवटी शेवटी रोज तिथे पाच-पाच मिनिटं उभे राहून ती वाचायचे. मी वरून ओरडायची, पाठ करताय का? हसायचे. एका नोटिशीत एवढं काय असतं.

२६ ऑक्टोबर

लेकीचा फोन. आई, तुझा गुडघा, आई, जंगल, आई, काही झालं तर. शेवटी जावयाला फोन दिला. जावई समजूतदार. म्हणाले, मावशी, आपल्याकडच्या सरकारी बागेतल्या काचघरात चाळीस जातींचे पाम आहेत, रविवारी गाडीने नेतो, कॅन्टीनही आहे. मी म्हटलं, पिंजऱ्यातला वाघ बघून कोणी जंगलात गेलो म्हणत नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, पण वाघ दिसतो तरी. लेक मागून म्हणाली, बाबांसारखंच बोलायला लागली ही.

ते मला चांगलं वाटलं. फोन ठेवल्यावर लगेच कामाला लागले. डोळ्यांत गेलं काहीतरी.

२ नोव्हेंबर

काचघरात गेले. फक्त सरावासाठी. मोजलेलं नाही. उंच पाम बघून मान धरली. कॅन्टीन बरं होतं.

९ नोव्हेंबर

मान अजून धरलेली. जाणं डिसेंबरवर. मालकांनी क्रमिक पुस्तकांची ऑर्डर घेतली आहे, चौदा हजार प्रती. माझ्याशिवाय कोण करणार? खळवाली म्हणाली, ताई, तुम्ही नसलात तरी पोरं शाळेत जातीलच. जिभेला हाड नाही तिच्या.

आज एक गोष्ट मनात आली ती लिहून मोकळी होते. हे राहिलं, ते माझ्यामुळे नाही. शेवटची तीन वर्षं ह्यांनी मला विचारलंच नाही. एकदाही नाही. त्याआधी विचारायचे, नाही असं नाही, पण नेमके माझ्या कामाच्या दिवसांत. शेवटची तीन वर्षं तर मी तयार होते. पलंगाखाली बॅग भरून ठेवलेली होती. एक शब्द बोलले असते की निघाले असते.

२३ नोव्हेंबर

बॅग काढली. रिकामी निघाली. दुकानाची चिठ्ठी अजून पट्ट्याला तशीच.

म्हणजे मी ती मध्ये कधीतरी रिकामी केली असणार.

१४ डिसेंबर

अकराव्याच्या जंगलाविषयी वनखात्याला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. ओढ्यापलीकडची वाट पंधरा फेब्रुवारीपर्यंत उघडी. मग पूल पाडून नवा बांधणार, दोन वर्षं कोणालाही पलीकडे सोडणार नाहीत. दोन वर्षांनी गुडघा काय म्हणेल ते आजच माहीत आहे. म्हणजे आता नाही तर नाही. ह्यांची यादी दहावर राहील.

चांगलंच झालं. मला वेळेची मर्यादा असली की काम होतं. नक्की तारीख: ३ जानेवारी.

३ जानेवारी

ऑर्डर संपली नाही. नवी तारीख: १७.

१७ जानेवारी

सर्दी.

२५ जानेवारी

लेक येऊन गेली. म्हणाली, आई, खरं सांग, तुला जायचंय की नुसतं निघायचंय? असले प्रश्न पुस्तकातली माणसं विचारतात. मी म्हटलं, चहा घे.

जाताना तिने टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, अरे, हे हलत नाही आता! बाबांनी केलं का? मी म्हटलं, मी केलं. ती बराच वेळ टेबलावर हात फिरवत बसली. वडिलांच्या आठवणीने हळवी होते पोर. मीच तिला सावरलं.

१ फेब्रुवारी

रजेचा अर्ज दिला. मालक म्हणाले, बाई, बत्तीस वर्षांत पहिला अर्ज, फ्रेम करून लावतो. म्हणाले, मागितली असती तर कधीही दिली असती. हे आता सांगतात.

७ फेब्रुवारी, दुपारी चार

पोचले! रेल्वे, बस, मग दुधाची गाडी. वनखात्याच्या विश्रामगृहात खोली. भिंतीवर पाल एक, खुंट्या तीन, आरसा फुटका. खिडकीतून समोर डोंगर. वनरक्षक चाळिशीचा, उंच, सावकाश बोलणारा. मावशी म्हणतो. मी हिरवं पुस्तक दाखवलं. आधी त्याने बांधणीवरून बोट फिरवलं, मग चित्र बघितलं. म्हणाला, मावशी, हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय, पण केवढं आहे हे? मी म्हटलं, पानभर काढलंय, दिसत नाही का? तो म्हणाला, पानभर तर साहेबांनी मुंगीही काढली असती.

उद्या सकाळी सहाला निघायचं. मान तयार आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी

निघालो साडेआठला. बूट चावत होते.

पूल ओलांडला. ‘डावीकडे, मग’ इथपर्यंत पुस्तक. मग दोन वाटा. वनरक्षकाने विचारलं, पुढे काय लिहिलंय? मी म्हटलं, पुढे अक्कल वापरायची आहे. वरची वाट धरली, कारण उंच झाड उंचावर असणार. दिवसभर वर बघत चालले. उंच पाम तीन दिसले. तिन्ही साधे, ते तर बस स्टँडवरही आहेत. वर बघता बघता दोनदा पडले. दुसऱ्यांदा वनरक्षक म्हणाला, मावशी, अधूनमधून खालीही बघत जा. मी म्हटलं, खाली बघायला इतक्या लांब आले नाही.

परतताना खालच्या वाटेने आलो. ओढ्याकाठी ओला खडक होता, त्यावर भाकरी खाल्ली. सगळीकडे पाणी झिरपत होतं. खडकाच्या चिरेत दोनदोन पानांची बुटकी रोपटी उगवली होती, त्यांच्यावर बॅग ठेवली, म्हणजे ओली होणार नाही. वनरक्षक त्या रोपट्यांकडे बघत बसला. म्हणाला, मावशी, ही पण जरा वेगळीच आहेत, नाही? मी म्हटलं, मन भलतीकडे लावू नका, उंचावर लक्ष ठेवा.

गुडघा सुजला आहे. उद्या पुन्हा.

९ फेब्रुवारी

गेले नाही. गुडघा वाकत नाही. वनरक्षकाच्या बायकोने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. म्हणाली, काकू, झाड कुठे पळून जातंय? मी म्हटलं, झाड नाही पळत, पूल पळतो.

दुपारी खिडकीत बसून विचार केला. कालच्या तीन पामांतला मधला जरा वेगळा होता. खोड जरा काळपट. शेंडा जरा कललेला. तोच असणार. आपण खरंच जवळून पाहिला. यादी काढली आणि अकराव्यावर खूण केली.

पेन्सिलीने.

१० फेब्रुवारी, बसमध्ये

बॅगेच्या तळाला एक चिरडलेलं पान चिकटलं होतं. वरून हिरवं, खालून चकचकीत, चमच्यासारखं. जंगलातून काही आणायचं नाही, हाही ह्यांचा नियम होता. पण हे मी आणलं नाही, हे आपणच आलं. पुस्तकात खुणेला ठेवलं.

काम फत्ते. मग बरं का वाटत नाहीये? बस लागली असेल.

१६ फेब्रुवारी, दुपारी, कारखान्यात

पूल आज पाडत असतील.

जेवणाच्या सुट्टीत खळवालीला सगळं सांगितलं. प्रचंड होता म्हटलं. ती डबा खाता खाता थांबली. म्हणाली, प्रचंड? पण ताई, त्यावर तर दीड वीत लिहिलं होतं. मी म्हटलं, कशावर? म्हणाली, त्या पाकिटातल्या पट्टीवर. सगळे आकडे समासातच होते की. नकाशेवाले माप बाहेर समासातच लिहितात, तुम्हीच मला शिकवलंत. मला वाटलं तुम्ही मुद्दाम कापलेत, जवळ ठेवायला. मी सांगायला गेले तर तुम्ही खेकसलात.

मी म्हटलं, माहीत आहे मला. आणि मशीनवर जाऊन उभी राहिले. कापायच्या आधी समास बघायचा. नव्या पोरींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी सव्वासहा

पाकीट काढलं. पाकिटावर पायाचा चौकोनी वळ उमटला आहे. आतल्या पट्ट्या चांगल्या आहेत. सगळे आकडे आहेत. हिरव्या पुस्तकाच्या कडेला एकेक पट्टी लावून बघितली. जुळतात. ह्यांनी सगळं पुरं लिहिलं होतं.

अकराव्याची पट्टी सगळ्यांत रुंद. तो कागद मोठा होता. ‘खालची वाट.’ ‘उंची दीड वीत.’ ‘ओल्या खडकाच्या चिरेत.’ ‘पाने दोनच, खालून रुपेरी.’ ‘वर पाहू नये.’

म्हणजे मी त्याच्यावर बॅग ठेवली.

खुणेचं पान काढून बघितलं. वाळलंय, पण खालून अजून रुपेरी आहे. कुंडीतला मोजायचा नाही, तर पुस्तकातला कसा मोजायचा? यादीवरची खूण रबराने पुसली. पेन्सिलीची होती म्हणून बरं.

त्याच पट्टीवर आडवं, बारीक अक्षरात आणखी आहे. दरवर्षी एक ओळ, एकाखाली एक. जशीच्या तशी उतरवते.

विचारलं. पुढच्या वर्षी म्हणाली.

विचारलं. पुस्तकांचा हंगाम.

विचारलं. पुस्तकांचा हंगाम.

विचारलं. रागावली.

विचारलं नाही. दमलेली असते.

विचारलं नाही. दमलेली असते.

विचारलं नाही. आता मलाच दोन मजले होत नाहीत.

उतरवून झालं. वरच्या नोंदींत एक दुरुस्ती करायची आहे. ९ नोव्हेंबरला लिहिलं आहे की मी तयार होते. ते खोडते.

पाकीट परत पायाखाली घातलेलं नाही. टेबल डुगडुगतंय. अक्षर वेडंवाकडं येतंय ते त्यामुळे.